डाव्या नाकपुडीतला दात

माझे वडील गावच्या दूध सोसायटीत दूध तपासून घ्यायचे. त्यांना मी नाना म्हणायचे, आणि गावही हळूहळू नानाच म्हणायला लागलं होतं. सकाळी उजाडता उजाडता आणि संध्याकाळी दिवेलागणीला सोसायटीच्या पत्र्याच्या शेडपुढं किटल्यांची रांग लागायची. लॅक्टोमीटर होता, फॅट काढायचं यंत्र कोपऱ्यात होतं, पण त्या सगळ्याच्या आधी नानांचं नाक. ते किटलीचं झाकण उचलायचे, कमरेतून वाकायचे, एकदाच श्वास आत ओढायचे आणि झाकण ठेवता ठेवता म्हणायचे, "घ्या." नाहीतर, "माघारी न्या, तात्या. ह्याचा चहा बी व्हायचा न्हाई." त्यावर कोणी वाद घालत नसे. गाईनं लसूणघास खाल्लाय की कांद्याची पात, रात्रीचं दूध सकाळच्यात ओतलंय की किटलीच नीट धुतलेली नाही, हे त्यांना त्या एका श्वासात कळायचं. सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर सख्खा चुलता असो, माघारी न्यायचं म्हटलं की न्यायचं.

सोसायटीच्या मागंच आमच्या दोन खोल्या होत्या. त्यामुळं माझी सकाळ कायम ॲल्युमिनियमच्या कॅनच्या खणखणाटानं व्हायची. त्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळलेला असायचा, आणि भिंतीपलीकडून एकेका शेतकऱ्याचं नाव पुकारणारा नानांचा आवाज. आई बोलायची कमी, पण तिच्या हाताला वेळ ठाऊक होती. थंडीत हुलग्याची शेंगोळी व्हायची, लसूण-मिरचीचा ठसका उठला की मी पाट मांडायचे. कोणाची गाय व्याली की पहिल्या चिकाचा तांब्या आमच्याकडं यायचाच. मग गूळ आणि जायफळ घालून आई खरवस वाफवायची आणि वड्या पाडायच्या आधी एक कोपरा मोडून माझ्या तोंडात घालायची. मी एकुलती एक. माझ्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण मला साधी शिंक आली तरी आई हातातलं काम टाकून माझ्याकडं बघायची.

आणि शिंका मला फार यायच्या. मी चौथीत असेन, तेव्हापासून माझं डावं नाक चोंदलेलं असायचं. सर्दी म्हणून सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. आईनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकली, वेखंड उगाळून लावलं, लसूण घालून कडवलेलं तेल टाळूवर चोळलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा जैसे थे. पाचवीत गेल्यावर त्याच बाजूनं घट्ट, पिवळट शेंबूड यायला लागला आणि अधूनमधून घोळणा फुटायचा. उष्णता झाली म्हणून आई माझ्या डोक्यावर गार पाण्याची धार धरायची आणि फोडलेला कांदा हुंगायला द्यायची. या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला ठाऊकच नव्हती, ती म्हणजे माझ्या अंगाला वास येतो. आपला वास आपल्याला येत नाही. सतत येत असला तर नाहीच येत. शाळेत माझी मैत्रीण शालन माझ्याशेजारी बसायची. ती हळूहळू सतरंजीच्या कडेला सरकत गेली, तेव्हा मला वाटलं तिला खिडकीतून बाहेर बघायचं असतं.

शालनच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ते मला कळलं. त्यांच्या खळ्यावर मांडव घातला होता. दुपारची बायकांची पंगत बसली, पत्रावळीवर लापशी वाढली जात होती, आणि मी शालनला लागून बसले होते. समोरच्या ओळीतल्या एका पाहुण्या बाईनं पदर नाकाला लावला. "अगं, कायतरी मेलंय इथं. उंदीर-बिंदीर असंल बघा." दुसरीनंही मान हलवली. पाठीमागं गव्हाची पोती रचली होती, तिथूनच वास येत असणार असं सगळ्यांचं ठरलं. दोन बायका उठल्या, एकीनं काठी आणली, पोती सरकवायला लागल्या. मी पण उठले. मला शोधाशोधीची आवड होती. मी पोत्यांच्या फटीत हात घातला, वाकून बघितलं, आणि मोठ्यानं सांगितलं, "इकडं न्हाई, काकू, त्या कोपऱ्यात बघा!" मी जिकडं जाईन तिकडं वास जास्त येत होता, हे त्या बायकांना एका क्षणात कळलं असणार, कारण काठी घेतलेली बाई थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. कोणी काही बोललं नाही. शालनची आई आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मंगल, चल बाळा, तुला तिकडं वट्यावर वाढते. वारा हाय तिकडं." तिनं माझी पत्रावळ उचलली, वट्यावर नेऊन ठेवली, वर तुपाची जादा धार सोडली आणि घाईनं निघून गेली. तिथं दुसरं कोणी नव्हतं. मी लापशीचा पहिला घास उचलला आणि तसाच पत्रावळीवर परत ठेवला.

आज साठी उलटल्यावर मला त्या माउलीचा राग येत नाही. तिच्या घरात लग्न होतं, पाहुणे होते, आणि जमेल तितक्या मायेनं तिनं ते केलं. पण अकरा वर्षांच्या पोरीला वट्यावरून सगळी पंगत दिसते, हे मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही.

मी घरी गेले नाही, थेट सोसायटीत गेले. नाना एकटेच होते, सोड्याच्या गरम पाण्यानं रिकामे कॅन घासत होते. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. "नाना, माझा वास येतो का? खरं सांगा."

त्यांनी हात धुतले. खांद्यावरचा टॉवेल घेऊन एकेक बोट पुसलं. मग कमरेतून वाकले, किटलीवर वाकायचे अगदी तसेच. मी तोंड वर केलं. त्यांनी एकदा श्वास आत ओढला.

"न्हाई," ते म्हणाले. "काईबी वास येत न्हाई. आत्ता काढलेल्या दुधावानी हाईस तू."

माझा जीव भांड्यात पडला. सगळं गाव ज्या नाकावर विश्वास ठेवत होतं त्यावर मी का ठेवणार नव्हते? त्या पाहुण्या बाईचं नाक खोटं, नानांचं खरं. मी उड्या मारत घरी गेले आणि आईकडं भाकरी मागितली. त्याच संध्याकाळी नानांनी सेक्रेटरींना सांगितलं की उद्या दूध तुम्हीच बघून घ्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकही खाडा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो निघाला, त्यात पुढं ड्रायव्हरशेजारी नाना आणि मी. नगरला जायचंय एवढंच त्यांनी सांगितलं होतं. (आता अहिल्यानगर म्हणतात. माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) माळीवाड्याच्या स्टँडजवळ टेम्पोनं आम्हाला सोडलं. तिथून चालत एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण होते, मधोमध भोक असलेला गोल आरसा कपाळाला बांधलेला. त्यांनी मला उंच स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काय होतंय?"

मी सर्दी म्हणणार तेवढ्यात नाना बोलले. एरवी मोठ्या माणसांपुढं ते अडखळायचे. त्या दिवशी नाही.

"वास येतो, डॉक्टरसायेब. दोन वर्सं झाली. आदी भिजल्या फडक्यावानी हुता, कमी. औंदा आखाडापासनं वाढला. आता कुजल्यावानी येतो. सकाळच्याला जास्त, गोळ्या घेतल्या की कमी. तोंडाला न्हाई, दातबी चांगलं हायेत. उजव्या नाकपुडीला अजिबात न्हाई. निस्त्या डाव्या."

डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "उजव्याला नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"दुपारची झोपती तवा मी जवळ बसून बघितलंय. लई येळा."

मी नानांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "पोराच्या एकाच नाकपुडीला घाण वास आला की आत काहीतरी अडकलंय असं आम्ही धरून चालतो. तुम्ही माझं निम्मं काम केलंत." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काही घातलं होतंस का नाकात? चिंचोका, खडू, शेंगदाणा? मी रागावणार नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं मी त्यांना घाबरले. मी नानांमुळं रडत होते.

त्यांनी नाकात औषधाचा बोळा ठेवला, थोड्या वेळानं चिमट्यानं नाकपुडी रुंद केली आणि आरशातून उजेड पाडून बघितलं. बराच वेळ बघितलं. लाल मऊ मांस वाढलंय आणि त्याच्या मधोमध तळाशी काहीतरी पांढरं आहे, म्हणाले. बारीक सळई त्याला लावली तेव्हा मला माझ्या डोक्यातच "टक" असा आवाज ऐकू आला. "खडा दिसतो," ते म्हणाले. तरी त्यांनी मला जबडा उघडायला लावून माझे दात एकेक मोजले, वरचे, खालचे, पडलेले, नवे आलेले. सगळे जागच्या जागी होते. मग समोरून एक आणि बाजूनं एक असे दोन एक्स-रे काढायला पाठवलं.

ती काळी फिल्म त्यांनी दिव्यापुढं धरली तेव्हा मला माझीच कवटी दिसली आणि मी डोळे मिटून घेतले. "घाबरू नकोस, बघ," ते म्हणाले. "हे सगळे तुझे दात. आणि हा इथं, वर, नाकाच्या तळाला, हा पण दातच आहे. हे त्याचं मूळ." पेन्सिलीनं त्यांनी दाखवलं. एक लहानसा, शंकूसारखा, पांढराशुभ्र दात, उलटा उगवलेला. कधी कधी एखादा दात जादा तयार होतो, त्यांनी समजावून सांगितलं. बहुतेक वेळा तो हिरडीत अडकून बसतो, आणि क्वचित खाली यायचं सोडून वर नाकात निघतो. तो तिथं बसला की त्याभोवती घाण साठते, सूज येते, वास येतो, रक्त येतं. औषधानं तो जाणार नाही, काढावाच लागेल. पूर्ण भूल देऊन, नाकातूनच. चेहऱ्यावर कुठं छेद घ्यावा लागणार नाही.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले आणि नानांशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी स्टँडवर घेतलेली जिलबी पुडीतच राहिली. घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. "नाकात? दात?" एवढंच तिनं दोनदा विचारलं आणि पदर डोळ्याला लावला. पुढचे चार-पाच दिवस मी नानांशी अबोला धरला. सोसायटीतून आले की ते उंबऱ्याशी थांबून "मंगे" म्हणून हाक मारायचे. मी वहीत डोकं घालून बसायचे.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी आईही आली. तिनं घरून निघाल्यापासून मनात काहीतरी धरून ठेवलं होतं. डॉक्टर तपासायला आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, ही पोटात हुती तवा गिरान लागलं हुतं. मला म्हाईत नव्हतं. मी विळीवर भाजी चिरली. त्यानं तर नसंल?" अकरा वर्षं ती हे मनात घेऊन होती की त्या चार दिवसांत तिला ते आठवलं, मला माहीत नाही. डॉक्टर हसले नाहीत. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "आई, तुम्ही काहीही केलेलं नाही. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. हे कोणाच्याही लेकराला होऊ शकतं. तुमच्या हातून काही चुकलं असतं तर मी सांगितलं असतं." आईनं त्यांच्याकडं बघत मान हलवली, आणि मग बाकावर अशी बसली की जणू डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घेतला.

ती माझ्यासाठी पाणी आणायला गेली तेव्हा बाकावर नाना आणि मी दोघंच उरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूल देणार होते. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की जवळ जायचं माणूस तर हेच होतं. शेवटी मीच बोलले.

"तुम्ही खोटं बोललात."

"बोललो."

"दुधाला कधी बोलत नाही."

नाना आपल्या हातांकडं बघत राहिले. सोड्याच्या पाण्यानं त्यांच्या बोटांची सालं गेलेली असायची. "दुधाला वाईट वाटत न्हाई, मंगे," ते म्हणाले. मग बोटाचं सुटलेलं साल ओढत, "मला पयल्या दिवसापासनं कळत हुतं. मी म्हणायचो, सर्दी हाय, जाईल. आनी तू इचारलंस तवा मला लाज वाटली. पोरगी दोन वर्सं कुजतीया आनी मी लोकांच्या किटल्या हुंगतोय." त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पुरतं पाहिलं नाही, कारण त्यांनी मला ओढून छातीशी धरलं आणि माझं तोंड त्यांच्या खांद्याआड दडलं. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याला लागून होता. त्यांनी तो बाजूला घेतला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या दोन वर्षांत, सगळ्या गावात ज्यांना हा वास सगळ्यात जास्त येत होता, त्यांनी आपला चेहरा कधीच बाजूला घेतला नव्हता.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. रबराचा वास असलेला एक मुखवटा, कोणीतरी "आकडे मोज" म्हटलेलं, आणि मग उठले तेव्हा नाकात कापडी पट्टी ठासलेली, घसा सुकलेला, आईचा हात माझ्या पायावर. दात अखंड निघाला होता. डॉक्टरांनी तो गॉजवर ठेवून दाखवला. ज्वारीच्या फुगलेल्या दाण्याएवढा, मुळाशी पिवळट. आईनं त्याला हात लावला नाही. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती घाईनं म्हणाली, "ठिवा, ठिवा, तुमच्याकडंच ठिवा." दोन दिवसांनी पट्टी ओढून काढली. ती संपेचना, लांबच लांब वातीसारखी येत राहिली, आणि मी नानांचा अंगठा इतका दाबला की त्यांच्या नखाखाली रक्त साकळलं. पट्टी निघाली आणि डाव्या बाजूनं हवा आत आली. गार, सरळ, थेट मेंदूत. त्या हवेत डेटॉल होतं, कोणाच्यातरी डब्यातली मेथीची भाजी होती, आईच्या डोक्याचं खोबरेल होतं. सगळं एकदम. मी म्हटलं, "केवढे वास येतात!" तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसायला लागली.

परवा नातीच्या दातांना तार बसवायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. आता सी.टी. स्कॅनमध्ये असा दात चहूबाजूंनी दिसतो, म्हणाल्या, आणि नाकात दुर्बीण घालून पडद्यावर बघत बघत काढतात, पेशंट लवकर घरी. मग त्यांनी विचारलं की त्या काळात रोगाचं निदान इतक्या झटकन कसं झालं. मी त्यांना नानांबद्दल सांगायला लागले, पण नातीचा नंबर आला.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर पंधरा दिवस मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं होतं. ते आईनं कधी चुकवलं नाही. शाळेत जायच्या आदल्या संध्याकाळी वेणी घालताना तिनं मला बजावलं, "सर्दीचं आपरेशन झालं म्हन. दाताचं नाव काडू नको. लोक काईबी बोलत्यात, पुढं तुजं लगीन व्हायचंय." मी बरं म्हटलं. म्हणायचं तसंच ठरवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सवयीनं सतरंजीच्या टोकाला, एकटीच बसले. बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर त्या थांबल्या. "मंगल, इतके दिवस कुठं होतीस गं?" मी उभी राहिले. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता आणि मला त्या पोत्यांपुढं उभ्या असलेल्या बायका आठवल्या, काही न बोलणाऱ्या. माझ्या तोंडून आलं, "बाई, माझ्या नाकात दात उगवला होता. त्याचा वास येत होता. डॉक्टरांनी काढला."

मागची दोन पोरं फिसकन हसली. मग शालन उभी राहिली. "नाकात? खरा दात?"

"खरा. मुळासकट."

"दाखव."

"दात डॉक्टरांकडं आहे."

"मग भोक दाखव," शालन म्हणाली आणि सतरंजीवरच्या पोरींच्या पायांवरून उड्या टाकत माझ्याकडं आली. तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली, हसणारी ती दोन पोरंही आली. बाई "जागेवर बसा" म्हणत होत्या, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता आणि मला वाटतं त्यांनाही बघायचं होतं. मी खिडकीकडं तोंड केलं, मान मागं टाकली आणि नाकाचा शेंडा बोटानं वर धरला. डोळ्यांपुढं शाळेची कौलं होती. चहूकडून डोकी जवळ आली. कोणाचा तरी श्वास माझ्या गालाला लागला, कोणाचं कोपर पोटात रुतलं, शालनची वेणी सुटून माझ्या मानेवर पडली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काईच न्हाई," शालन म्हणाली, आणि आणखी जवळ आली.